शंभर वॅटांचा हट्ट

वाचकहो, ज्या विषयावर लेखणी उचलावी लागेल असे आम्हांस कधी स्वप्नातही वाटले नव्हते, त्या विषयावर आज लिहीत आहोत. विषय आहे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. या त्रैमासिकाच्या पानांवर काव्य, चरित्र, भाषा, धर्मचिंतन यांची चर्चा होते. तेथे वॅट आणि डेसिबल यांना जागा मिळावी काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. परंतु ज्या धर्मग्रामात मासळीच्या नौकेवर राबणाऱ्यांची, हॉटेलात भांडी घासणाऱ्यांची आणि परदेशी जहाजांवर सहा-आठ महिने काढणाऱ्यांची वर्गणी गोळा होते, तेथे ती वर्गणी कशावर खर्च व्हावी हा प्रश्न क्षुद्र नाही. तेव्हा थोडी सबुरी असावी.

प्रसंग असा. नाताळाच्या तयारीसाठी सभा भरली असता आमच्या गायकवृंदातील तरुणांनी एक मागणी मांडली. शंभर वॅटांचा, व्हॉल्व्हचा, दोन बारा-इंची स्पीकर असलेला अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, तो आठवडाभर वाजवणाऱ्याच्या घरी सरावाला राहावा, रविवारी चर्चमध्ये यावा आणि फेस्ताच्या व लग्नाच्या मंडपातही जावा. तिन्ही जागी एकच यंत्र, ही कल्पना आम्हांस आवडली. गरिबाच्या पैशाने तीन यंत्रे घेण्यापेक्षा एक बहुगुणी यंत्र घ्यावे, यात शहाणपण आहे. परंतु त्यासाठी शंभर वॅट कशाला, असे विचारताच एका मुलाने हसून उत्तर दिले, "मोठो घेतलो की सगळीकडे चलता, फादर! वीस वॅटान काय होतला?"

या एका वाक्याविरुद्ध हा लेख आहे. मुलाविरुद्ध नाही, तो गुणी आहे, आणि आमच्यापेक्षा पुष्कळ चांगली गिटार वाजवतो. परंतु "मोठे घेतले की सगळीकडे चालते" हे सूत्र आज गिटारवाल्यांतच काय, आपल्या सबंध समाजात वेदवाक्यासारखे मानले जाते, आणि निदान अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत ते साफ खोटे आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम वॅटाचा भ्रम पाहू. सामान्य समज असा की शंभर वॅटांचे यंत्र दहा वॅटांच्या यंत्रापेक्षा दहापट मोठ्याने वाजते. निसर्गाने मानवी कान तसा बनवलेला नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, आणि तो फरक कानाला जेमतेम स्पष्ट जाणवतो. कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटावा यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजे शंभर वॅटांचे यंत्र दहा वॅटांच्या यंत्राच्या केवळ दुप्पट मोठे ऐकू येते. आणि पन्नास व शंभर यांत तर नाव घेण्यासारखा फरक नाही, किमतीत व वजनात मात्र पुष्कळ आहे. उलट स्पीकर चांगला निवडला तर त्याच वॅटांत अधिक आवाज मिळतो. एका वॅटास एक मीटरवर ९७ डेसिबल देणारा आणि १०० डेसिबल देणारा, असे दोन स्पीकर शेजारी ठेवले, तर दुसरा घेणे म्हणजे फुकटात वॅट दुप्पट करणे होय. दुकानात वॅट विचारणारे शंभर भेटतात. स्पीकरची ही क्षमता विचारणारा आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

वरील आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एका वॅटास एक मीटरवर ९७ डेसिबल! कानाच्या आरोग्याविषयीचा अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेचा दंडक असा की ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहावे, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा करावा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पाव तास उरतो. म्हणजे बारा फुटांच्या खोलीत एक पुरता वॅटसुद्धा कानाला जड आहे. मग घरी सरावाला नेलेल्या शंभर वॅटांपैकी नव्व्याण्णव वॅट काय करतात? ते वीज घेतात आणि उष्णता देतात.

यावर विद्वान प्रतिपक्षी म्हणतात, "आवाज कमी करता येतो, वाढवता येत नाही, म्हणून मोठेच घ्यावे." हा त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे प्राप्त आहे. पहिली गोष्ट, व्हॉल्व्हच्या मोठ्या यंत्राचा आवाज नीट कमी करता येतच नाही. त्याची बटणे मोठ्या सभागृहासाठी जुळवलेली असतात. शून्यावरून एकावर नेले की काही नाही, दीडवर नेले की शेजारच्या घरातील पाळण्यातले मूल उठते. शिवाय ज्या गोड, किंचित भरडल्या आवाजासाठी लोक व्हॉल्व्हवर जीव टाकतात, तो व्हॉल्व्हला पुरेसे कामाला लावल्याखेरीज निघत नाही. दीडवर ठेवलेले शंभर वॅटांचे यंत्र म्हणजे बैलगाडीला जुंपलेला हत्ती. दुसरी गोष्ट, आवाज हळू झाला की मानवी कान खालचे, भारदस्त सूर प्रथम गमावतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. म्हणून मोठ्याने वाजवून जुळवलेला स्वर घरी हळू केला की पातळ व कोरडा वाटतो, आणि मुलगा पुन्हा बटण वर सरकवतो. तिसरी आणि मुख्य गोष्ट ही की लहान यंत्राचा आवाज वाढवता येतो. त्याच्यापुढे ध्वनिक्षेपक ठेवावा, किंवा मागील बाजूस तार जोडायची सोय असल्यास ती सरळ चर्चच्या मिक्सरला द्यावी. मग भिंतीवरील स्पीकर ते काम करतील. लहानाचे मोठे करणे ही एका तारेची गोष्ट आहे. मोठ्याचे लहान करणे हे भल्याभल्यांना साधलेले नाही.

आता हे शंभर वॅटांचे वेड आले कोठून, याचा शोध घेतला तर कथा मनोरंजक आहे. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील तरुण वाद्यवृंद मोठमोठ्या सभागृहांत वाजवू लागले. त्या काळी सभागृहाचे ध्वनिक्षेपक केवळ गायकापुरते असत. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा तो गिटारच्या स्वतःच्या यंत्रानेच. लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांच्याकडे 'द हू' या वृंदाच्या पीट टाउन्शेंड यांनी अधिक मोठ्या यंत्राची मागणी केली, आणि १९६५ च्या सुमारास शंभर वॅटांचे मार्शल जन्मास आले. त्या प्रश्नाला ते योग्य उत्तर होते. पुढे प्रत्येक वाद्यापुढे ध्वनिक्षेपक ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि तो प्रश्नच संपला. प्रश्न संपला तरी उत्तर विकत घेणारे संपले नाहीत. पन्नास मैलांवरील दुकानात उभे राहून आमची मुले साठ वर्षांपूर्वीच्या परक्या सभागृहांची अडचण सोडवू पाहतात, याला काय म्हणावे?

आपली जागा कशी आहे ती पाहा. मालवणच्या किनारपट्टीवर चिऱ्याच्या भिंती, त्यावर गिलावा, खाली लादी, वर कौले. अशा वास्तूत आवाज सहजी मरत नाही. तो भिंतीवरून भिंतीवर फिरत राहतो. दगडी वास्तूंत एकसुरी, संथ, लांबवलेले स्तोत्रगायन वाढीस लागले ते यामुळेच, कारण तेथे घाईने म्हटलेला शब्द पुढच्या शब्दाच्या अंगावर पडतो. त्या वास्तूत आवाज वाढवल्याने स्पष्टता वाढत नाही, गलबला वाढतो. आणखी एक खुबी आमच्या ध्यानात पुष्कळ वर्षांनी आली. गिटारच्या स्पीकरमधून तीक्ष्ण सूर सरळ समोर झोतासारखे जातात. यंत्र जमिनीवर ठेवले की वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना ते ऐकू येतात, कानांना नाही. तो म्हणतो आवाज कमी आहे. समोरच्या बाकावरील वृद्धा मात्र कानावर पदर घेते. यंत्र खुर्चीवर ठेवून किंचित मागे कलते केले, तर निम्मे भांडण मिटते. हा उपाय फुकट आहे, म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

आम्ही गिटारचे वैरी आहोत असा समज येथे होऊ नये. असे वैरी धर्मग्रामात आहेत, आणि ते या वादात आम्हांस आपल्या बाजूचे समजू लागले आहेत, म्हणून त्यांचाही समाचार घेतो. ते दाखला देतात पोप दहावे पायस यांच्या १९०३ च्या आदेशाचा, ज्यात पियानो आणि ढोल-झांजांसारखी गोंगाटाची वाद्ये चर्चमध्ये वर्ज्य ठरवली होती. परंतु १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, योग्य त्या अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्येही उपासनेस योग्य असतील तर स्वीकारण्यास वाव दिला, हे ते सोयीस्करपणे विसरतात. आणि 'सायलेंट नाइट' हे गीत, ज्यावाचून यांचा नाताळ होत नाही, ते १८१८ च्या नाताळाच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी प्रथम गायले गेले ते गिटारच्या साथीनेच. दोन पुरुष-कंठ आणि एक गिटार. (उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा गोड आहे, पण तिला पुरावा नाही.) त्या रात्री वॅट नव्हते, हेही तरुणांनी ध्यानात घ्यावे. गिटारची पेटी हाच एक अ‍ॅम्प्लिफायर आहे. आपल्या घुमटात तो मातीचा असतो, गिटारात लाकडाचा.

आणि कायद्याचे काय? चेन्नईतील एका प्रार्थनागृहात ड्रम, गिटार आदी वाद्ये व ध्वनिवर्धक यांचा वापर होत असे. शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००० सालच्या ऑगस्टमध्ये निकाल लागला की इतरांच्या शांततेचा भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. प्रार्थनागृह ख्रिस्ती लोकांचे होते, हे वाचून आम्हांस मान खाली घालावी लागली होती. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, आणि रात्र म्हणजे १० ते ६. दशावताराच्या मंडळींनी एके काळी पेटी, मृदंग आणि झांज यांच्या बळावर रात्रीच्या रात्री जागवल्या, त्या जिल्ह्यात आम्ही राहतो. मंदिराच्या प्रांगणातील शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी नटाला कंठ कमवावा लागे. आज तेथेही ध्वनिक्षेपक आले आहेत, तक्रार नाही. परंतु कंठ कमावण्याआधी वॅट कमावण्याची घाई तेथे अजून फारशी दिसत नाही.

एवढे खंडन झाल्यावर "मग घ्यावे काय?" हे सांगणे आमच्यावर बंधनकारक आहे. आमचा पहिला प्रश्न यंत्राविषयी नाहीच. गिटार कोणती, हा तो प्रश्न आहे. विजेवरील गिटारच्या यंत्रातील स्पीकर सुमारे पाच हजार कंपनांच्या वर फारसे काही ऐकवत नाही, आणि त्या गिटारला ते पथ्यकर ठरते. परंतु आमच्या गायकवृंदात आहे ती पोकळ पेटीची, आत पिकअप बसवलेली गिटार. तिचा तारांचा झंकार त्याही वर राहतो. ती विजेच्या गिटारच्या यंत्राला जोडली की उशीखाली ठेवल्यासारखी वाजते. तिला लहान ट्वीटर असलेले, अकूस्टिक म्हणून विकले जाणारे यंत्र हवे. फिशमनचे लाउडबॉक्स मिनी हे साठ वॅटांचे यंत्र या जातीचे आहे. वजन नऊ किलोंच्या आसपास, एक सोय गिटारला, दुसरी ध्वनिक्षेपकाला, आणि मागे मिक्सरकडे जाणारी तार. येथे साठ वॅट ऐकून कोणी आमच्यावर विसंगतीचा आरोप करील. व्हॉल्व्हचे वॅट भरडत-भरडत वाजतात, ट्रान्झिस्टरचे वॅट स्वच्छ राहण्यासाठी राखीव ठेवायचे असतात. आणि मुख्य म्हणजे हे यंत्र बोलण्याच्या आवाजाइतके हळू वाजवले तरी आपला स्वर सोडत नाही.

विजेवरील गिटार असेल तर वीस ते पन्नास वॅटांचे, दहा किंवा बारा-इंची एका स्पीकरचे, ट्रान्झिस्टरचे यंत्र पुरे. बॉसच्या कटाना ५० मध्ये एक कळ आहे, जी फिरवली की पन्नास वॅटांचे पंचवीस होतात, आणि आणखी फिरवली की अर्धा वॅट. घर, चर्च आणि मंडप या तीन जागांचे उत्तर एका कळीत देणाऱ्या त्या माणसाला आम्ही मनोमन धन्यवाद दिले. हेडफोन लावायची सोय मात्र असलीच पाहिजे. रात्री दहानंतर मुलाने गिटार खाली ठेवू नये, आणि आजीनेही जागे राहू नये, असा तोच एक मार्ग आहे. शंभर प्रकारचे स्वर काढणारी यंत्रे निघाली आहेत त्यांविषयी आमचा आक्षेप इतकाच की त्यांपैकी मुलगा चार वापरतो आणि छप्पन्न चाखतो. सरावाचा तास चाखण्यात जातो. स्वच्छ, साधा एक स्वर चांगला असेल तर बाकीचे नसले तरी चालेल. तो नसेल तर बाकीचे असून उपयोग नाही.

वजनाकडे दुर्लक्ष करू नये. जे यंत्र एका मुलाला स्कूटरवरून किंवा एस.टी.तून नेता येत नाही ते तीन जागांचे होत नाही. ज्या जागी प्रथम ठेवले तेथेच त्याचा मुक्काम पडतो. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बचा आवाज अप्रतिम आहे, पण तो तीस किलोंच्या घरात जातो. आणि आमचा किनारा! खारा वारा जॅकच्या पितळेला सोडत नाही, पावसाळ्यात तर आठवड्यातून एकदा यंत्र तासभर चालू ठेवलेले बरे. वीज जाणे हा तर नित्याचाच अनुभव. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावरील कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. रोलँडने एसी-३३ हे आठ लहान बॅटऱ्यांवर चालणारे यंत्र काढले होते. त्या दिवसांत ते आमच्यापाशी असते तर, असे आम्हांस वाटून गेले.

जहाजावर काम करणारे आपले बंधू अमेरिकेतून स्वस्तात यंत्रे आणतात. ती बहुधा १२० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टला जोडताच निघणारा धूर आम्ही एका घरी प्रत्यक्ष पाहिला आहे. मागील पट्टीवरचा आकडा वाचल्याखेरीज पिन भिंतीला लावू नये.

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर हा लेख लिहिला, ती सांगतो. सभेनंतर आम्ही तरुणांबरोबर आमच्या सभागृहातील जुनी व्यवस्था तपासण्यास गेलो. गिटारचा गुणगुणाट थांबावा म्हणून कोणा कुशल हाताने तीन पिनांपैकी अर्थची पिन कापून टाकली होती. गुणगुणाट थांबला होता खरा. हा 'उपाय' गावोगाव चालतो, आणि करणाऱ्याला शाबासकी मिळते. परंतु अशा व्यवस्थेत यंत्रात बिघाड झाला, तर गिटारच्या तारांत वीज उतरते. वाजवणाऱ्याचे हात तारांवर, ओठ ध्वनिक्षेपकाला, आणि पाय ओल्या लादीवर असतात. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वॉन्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वृंदाचा गिटारवादक लेस हार्वे भर रंगमंचावर, अर्थ नसलेल्या ध्वनिक्षेपकाला हात लावताच मृत्यू पावला. त्याच्यापाशी मोठे यंत्र होते की लहान, याला काही महत्त्व उरले नाही. आम्ही हे त्या मुलांना सांगितले तेव्हा कोणी हसले नाही. शंभर वॅटांचा हट्ट धरणाराच प्रथम खाली बसून ती पिन न्याहाळू लागला.

निर्णय असा झाला. रक्कम जमली आहे तिच्यातून अकूस्टिक गिटारचे लहान यंत्र घ्यायचे, पण न ऐकता नाही. उसने आणून चर्चमध्ये लावायचे, गायकवृंदाने नेहमीची तीन गीते म्हणायची, आणि आम्ही शेवटच्या बाकावर बसायचे. तिसऱ्या बाकावर एक वृद्ध बाई बसतात. त्या गीताची पहिली ओळ उचलतात आणि मग सारी सभा त्यांच्या मागून येते. चाळीस वर्षे हेच चालले आहे. गिटार वाजत असताना त्यांचा आवाज आमच्यापर्यंत आला तर यंत्र पसंत, नाही आला तर आवाज खाली, आणि खाली करूनही न जमले तर यंत्र परत. तरुणांनी ही अट मान्य केली. एकाने फक्त विचारले की त्या दिवशी बाईंना खोकला असला तर? प्रश्न रास्त होता. चाचणी दोन रविवार घ्यायची ठरली.

उरलेल्या पैशात सभागृहाचे व वेदीजवळचे अर्थिंग नवीन करून घ्यायचे आहे. वायरमनला निरोप धाडला आहे. तो मालवणहून येईल तेव्हा कापलेल्या पिनांच्या सर्व वायरी एकत्र करून त्याच्यापुढे ठेवायच्या, हे काम गिटारवाल्यांनी स्वतःहून अंगावर घेतले आहे. आतापर्यंत सात सापडल्या.